गुरुजी, जागा सोडा

आमच्या शिरूर तालुक्यात ‘जागा’ म्हटलं की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो. रांजणगावला एमआयडीसी आली तेव्हापासून हा शब्द हवेतच आहे. टपरीवर चहा घेणारी दोन माणसं पावसापासून सुरुवात करोत की पाहुण्यांच्या लग्नापासून, तिसऱ्या घोटाला जागेवर येतात. किती गुंठे, रोडटच आहे का, सातबारा कोरा आहे का. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं बाराखडी शिकवून निवृत्त झालो, त्या दिवशी निरोपाचा नारळ हातात पडायच्या आत एकानं विचारलं, “गुरुजी, जागा घेतली का नाही कुठं?” मी म्हणालो, “घेत नाही, सोडतो.” त्याला वाटलं, गुरुजींचं भावकीत काहीतरी बिनसलंय.

बिनसलं काहीच नव्हतं. रोजची शाळा सुटल्यावर मी लावण्या लिहीत आलो. जागा सोडणं हा त्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. तो शिकायला मला वीसेक वर्षं लागली, आणि शिकवला तो एका सातवी नापास बाईंनी, दौंड तालुक्यातल्या चौफुल्यावर.

चौफुला केडगावच्या शेजारी आहे. पुणे-सोलापूर महामार्ग आणि शिरूरहून साताऱ्याकडं निघालेला रस्ता तिथं एकमेकांना छेदतात, म्हणून चौफुला. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, ढाबे आणि संगीत बारीची थिएटरं. पाटीवर कलाकेंद्र असतं, जुनी माणसं थिएटरच म्हणतात. मात्र ‘चौफुल्याला चाललो’ असं आमच्या गावात आजवर एकही माणूस बोललेला नाही. ‘दौंडला काम आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. दौंडला तहसील कचेरी आहे, कोर्ट आहे, रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, तेव्हा काम निघू शकतं. फक्त ते रात्री नवानंतरच का निघतं हे कुणी कुणाला विचारत नाही. मी पहिल्यांदा बारी ऐकायला गेलो तेव्हा तिथं दौंडला काम असलेले आमच्या गावचे चौघं बसले होते. पाचही जणांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी पारावर मात्र एकानं मला अगदी आपुलकीनं विचारलं, “झालं का काम?”

लिहिणाऱ्या माणसाला तिथं रात्री जाऊन उपयोग नसतो. त्यानं दुपारी जावं. दुपारचं थिएटर म्हणजे एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबाचं घर. दोरीवर नऊवारी वाळत असतात, एखादं पोर पायरीवर बसून बेचा पाढा घोकत असतं, ढोलकीची शाई उन्हाला दाखवलेली असते, आणि चाळाचे जोड जिथं निजवले असतील तिथं गप्प पडलेले असतात. अशा एका दुपारी मी माझी पहिली लावणी घेऊन गेलो. बाई लसूण सोलत होत्या. पेटीमास्तर अंग टाकून पडले होते. ढोलकीवाले वस्ताद चिकटवल्यासारखे एकाच जागी बसून होते.

लावणी मी भरगच्च लिहिली होती. तीन कडवी, सोळा यमकं, दोन ठिकाणी श्लेष, आणि एका ओळीत तर अनुप्रास असा की ‘क’ अक्षरानं रजा मागावी. मी उभं राहून, वर्गात कविता म्हणतात तशी म्हणून दाखवली. बाईंनी लसणाची एक पाकळी संपवली आणि म्हणाल्या, “झ्याक हाय गुरुजी. पन ह्यात मी उभी कुटं राहू?”

मला कळलं नाही.

“सगळं तुमीच भरलंय. कडवंबी तुमचं, यमकबी तुमचं, दमबी तुमचाच. मला पाय ठिवाया जागा न्हाई. जरा जागा सोडा की.”

गाण्यात ‘जागा घेणे’ हा शब्दप्रयोग मी रेडिओवर ऐकलेला होता. गवई सुरांमधून जाता जाता एखाद्या वळणावर असा काही हेलकावा घेतो की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘वा’ निघतो. त्या वळणाला जागा म्हणतात. पण ही जागा घेण्याआधी कुणीतरी ती रिकामी ठेवावी लागते, आणि तो कुणीतरी म्हणजे मी, हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत आम्ही मुलांना ‘रिकाम्या जागा भरा’ असंच शिकवतो. रिकाम्या जागा करा, हा प्रश्न माझ्या सबंध नोकरीत एकदाही प्रश्नपत्रिकेत आला नाही.

मग काटछाट सुरू झाली. पेटीमास्तर उठून बसले, वस्तादांनी मांडीवर ताल धरला, आणि माझ्या लावणीचं ऑपरेशन लसणाच्या परातीशेजारी पार पडलं. ढोलकी फडाची गोष्ट निराळी. तिथं गण, गवळण, बतावणी आणि मग अख्खा वग असतो, लेखकाला हातपाय पसरता येतात. संगीत बारीत वग नाही. बाई, सोबतच्या मुली, पेटी, तबला आणि ढोलकी, एवढाच संसार. एका लावणीत काय ते सांगायचं, आणि तेही अर्धंच सांगायचं. संध्याकाळपर्यंत सोळातली नऊ यमकं गेली. अनुप्रासाची ओळ गेली तेव्हा मी जरा रडवेला झालो. वस्ताद म्हणाले, “गुरुजी, एवढी ‘क’ची बाराखडी म्हनंस्तवर माझी सम पाटसला पोचती.”

त्या ओळीच्या जागी बाईंनी काय ठेवलं? ‘गं’. एकच अक्षर. रात्री तो ‘गं’ त्यांनी असा लांबवला की आधी त्यात लाडिक तक्रार होती, मग ती तक्रार खरी झाली, मग डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं, आणि इतक्यात ढोलकीनं उचल खाल्ली आणि बाई हसत समेवर आल्या. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत बसून हिशेब केला. माझी सात यमकं शिल्लक होती, आणि टाळ्या एका अनुस्वाराला मिळाल्या होत्या.

टाकळी हाजीजवळ कुकडी नदीत रांजणखळगे आहेत. पलीकडच्या काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज. काळा कातळ, आणि त्यात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे. पाण्याबरोबर आलेले गोटे एकाच ठिकाणी गरगरत राहिले आणि हजारो वर्षांत त्यांनी दगड कोरला. मी दरवर्षी सहल घेऊन जायचो आणि मुलांना हेच सांगायचो. त्या रात्रीनंतर पहिल्यांदा कळलं की बाई शब्दाचं तेच करतात. एका अक्षराभोवती फिरत राहतात, आणि खळगा पडतो. फक्त कातळ तेवढा पक्का हवा. भुसभुशीत शब्दाला खळगा पडत नाही, नुसता चिखल होतो. तेव्हा लेखकाला अगदीच काम उरत नाही असं नाही.

लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा, ही जोडी आपल्याकडं जुनी आहे. पेशवाईत होनाजी गवळी कवनं करायचा, बाळा कारंजकर ती गायचा, आणि दोघांचा फड ‘होनाजी बाळा’ म्हणून गाजला. १९५१ साली शांतारामबापूंनी ‘अमर भूपाळी’ काढला तेव्हा होनाजी घराघरांत पोचला. तरीही आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांना शेवटपर्यंत ‘होनाजी बाळा’ हे एकाच माणसाचं नाव वाटत होतं: मुलगा होनाजी, वडील बाळा. मी दुरुस्ती केली नाही. कवी आणि गवई इतके एकजीव झाले की त्यांचं नातं बापलेकाचं वाटावं, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

आमच्याच तालुक्यात कवठे येमाईला मोमीनभाई होते. बशीर कमरुद्दीन मोमीन, म्हणजेच बी. के. मोमीन कवठेकर, जन्म १९४७ चा. गणपतीचा गण, कृष्णाची गवळण, शृंगाराची लावणी, हायब्रीड बियाण्याच्या जमान्याची टिंगल, ऐतिहासिक वग, सामाजिक वग, सगळं त्यांनी लिहिलं. दत्ता महाडिक पुणेकरांसारख्या मोठ्या फडांनी त्यांचे शब्द गावोगावच्या जत्रांत नेले. मुसलमान माणसानं लिहिलेल्या गणानं तमाशाची सुरुवात व्हायची आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. जेजुरीचे सगनभाऊही मुसलमानच, तेव्हा या पट्ट्याला त्याची सवय दोनशे वर्षांची. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सरकारनं मोमीनभाईंना दिला, २०२१ मध्ये ते गेले. मला त्यांच्या लावण्यांइतकंच त्यांचं ‘कलावंतांच्या आठवणी’ हे पुस्तक मोठं वाटतं. आयुष्यभर ज्यांच्या तोंडी शब्द घातले, त्यांच्याबद्दल लिहायला हा माणूस शेवटी बसला. यालाही जागा सोडणंच म्हणायचं.

आता थोडं परदेशगमन. माझा पुतण्या शिकागोला असतो. त्यानं हट्टानं आम्हा नवराबायकोला महिनाभर नेलं आणि एका रात्री म्हणाला, “काका, तुम्हाला ब्लूज ऐकवतो.” काकूला घरीच ठेवलं. मी तिला सांगितलं, “जरा दौंडला काम आहे.” ती गेली चाळीस वर्षं हे वाक्य ऐकत आली आहे. म्हणाली, “विमानानं येऊनबी दौंडच का?”

आत गेलो तर थिएटरच. अंधार, लाकडी मंच, पुढच्या रांगेत फर्माईश करणारे रंगेल म्हातारे. गाणाऱ्यानं पहिली ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर दिलं. बारा मात्रागटांत मामला खलास, की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक ओळ अर्ध्या वाटेवर संपायची आणि उरलेल्या अर्ध्यात गिटार बोलायची. माझ्या मनात आलं, यांच्या लेखकाला कुणीतरी लसूण सोलता सोलता दम दिलेला दिसतोय. आणि स्वर! आमचे पेटीमास्तर म्हणतात, “बाईंचा गंधार पेटीत न्हाई, दोन पट्ट्यांच्या फटीत हाय.” कोमलही नाही, शुद्धही नाही, मधला कुठला तरी, दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसा. शिकागोचा तो गिटारवाला तार ओढून त्याच फटीत शिरला आणि मी मोठ्यानं ‘वा’ म्हणालो. शेजारचा म्हातारा दचकला, मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं साउथ मिशिगन अव्हेन्यूवरची २१२० नंबरची इमारत दाखवली. चेस नावाची ध्वनिमुद्रिकांची कंपनी तिथं होती. मडी वॉटर्स तिथं गायचा. हा मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातून १९४३ मध्ये शिकागोला आला. त्याला गाणी लिहून देणारा विली डिक्सन, अंगानं पहिलवान आणि हातात माणसाएवढं उभं वाद्य. आता ती इमारत डिक्सनच्या नावानं उघडी असते. गवयाच्या नाही, लिहिणाऱ्याच्या नावानं! मी चपला काढायला निघालो होतो, पुतण्यानं आवरलं.

या डिक्सननं १९५४ साली गाजलेलं एक गाणं मडीला कुठं शिकवलं, तर क्लबच्या संडासात, कार्यक्रमाच्या मध्यंतरात. मडी बाहेर आला आणि थेट मंचावर जाऊन गायला. पुढं सोल संगीताच्या जमान्यात, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर ही आणखी एक होनाजी-बाळाची जोडी होती. पोर्टर संडासात बसलाय, हेज बाहेरून घाई करतोय, आणि आतून जे उत्तर आलं तेच त्यांच्या १९६६ च्या प्रसिद्ध गाण्याचं धृपद झालं.

परत आल्यावर मी ही हकीकत चौफुल्यावर रंगवून सांगितली. मुली हसून लोळल्या. बाईही हसल्या. मग लसणाची परात पुढं ओढत म्हणाल्या, “त्यांच्याकडं संडास तरी व्हता गुरुजी.” बारीत येण्याआधी बाईंनी बारा हंगाम फडात काढले होते. दसऱ्याला निघायचं ते वैशाखापर्यंत, रोज नवं गाव, नवं शिवार, माळावर तंबू आणि कनात. चाळीस-पन्नास माणसांच्या फडातल्या बायकांनी पहाटे कुठं जायचं याची सोय कुठल्याही जत्रा कमिटीच्या यादीत नसायची. मी एवढे वग वाचले, दोन-चार लिहिले, पण ही अडचण एकाही वगात आलेली नाही. लेखकानं अशीही एक जागा सोडलेली होती, आणि ती सोडायला नको होती.

मोबाइलवर मी त्यांना काही गाणी ऐकवली. पहिली बेसी स्मिथ. ही बाई शंभर वर्षांपूर्वी तंबूचे खेळ करत फिरायची. तिच्या आधीची मा रेनीही तंबूतलीच. कापसाचा पैसा लोकांच्या हातात खेळू लागला की त्या गावांच्या दिशेनं तंबू हलायचे. आमच्याकडं ऊस तुटला की जत्रा, तसंच. बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, “ही माइक यायच्या आदीची हाय. आवाज पार कनातीपातुर फेकतीय.” इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. मग मी अरेथा फ्रँकलिन लावली. बाई हात थांबवून ऐकत राहिल्या. “ही कुना कीर्तनकाराची लेक असनार.” मी चाट पडलो. अरेथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन नामांकित धर्मोपदेशक होते, त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघायच्या. “कशावरून?” “आदी सांगती, मग गाती. आन सांगताना समूर कोन बसलंय ते ठावं हाय तिला.” वस्तादांनी मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं, “ह्यांची उचल किती असती?”

प्रश्न मुद्द्याचा होता. फडात हंगामाच्या तोंडावर कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. फिटत आली की पुन्हा कुणाचं तरी लग्न निघतं, कुणाचं तरी आजारपण. अमेरिकेत गुलामी संपल्यावर कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांची गत हीच झाली. मळेवाल्याच्या दुकानातून उधारीवर सामान, आणि पीक निघालं की वहीत पुन्हा बाकी. गंमत म्हणजे त्यांच्या वहीला आणि आमच्या वहीला शाई एकाच दौतीतली. १८६१ ते १८६५ त्यांचं यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. १२ मे १८७५ ला सुप्यात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जरोखे जाळले. पुढच्या चोवीस तासांत केडगावात आग लागली. दौंडचा हा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. दंग्याचं लोण शिरूरलाही आलं. एकाच कापसानं तिकडं मिसिसिपीचा आणि इकडं भीमेचा काठ कर्जात बुडवला. तिकडं त्यातून ब्लूज निघाला. इकडं वस्ताद अजून उचल किती ते विचारतायत.

केडगावचं तिकडच्या गाण्याशी आणखी एक नातं आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुलींना तिथं आणलं. १९०५ मध्ये त्या मुलींच्या प्रार्थनासभांत असा काही उमाळा आला की मुली मोठ्यानं रडत, गात, तासन्‌तास प्रार्थना करत. त्याची खबर साता समुद्रापलीकडच्या भाविकांत पोचली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सीमोर या, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या माणसाच्या पुढाकारानं तसाच उमाळा आला. त्यातून जी चर्चं उभी राहिली त्यांनी टाळ्या, ढोल आणि हुंदका देवापुढं आणला. चर्चमधल्या त्या गॉस्पेल गाण्याला पुढं रे चार्ल्ससारख्यांनी संसारी शब्द चढवले आणि त्याचं सोल झालं. भजनाची गवळण तमाशात येते आणि तिला कुणी पत्ता विचारत नाही, तसंच. मी बाईंना म्हणालो, “म्हणजे बघा, आपल्या केडगावच्या पोरी आणि ही अरेथा, लांबच्या का होईना, सोयऱ्याच.” बाई म्हणाल्या, “मग लग्नाला बोलवाया पायजे व्हतं.”

चौफुल्याची एक दंतकथा मात्र आपल्याकडं नाही. मिसिसिपीत सांगतात की रॉबर्ट जॉन्सन मध्यरात्री चौफुल्यावर गेला, तिथं सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार वाजवायची कला मागून आणली. तो २७ व्या वर्षी वारला, म्हणजे सैतानानं वसुलीही लवकर केली. आमच्या चौफुल्यावर लोक लिंबू-भाताचा उतारा टाकतात, पण आत्म्याचा व्यवहार अजून कुणी केलेला नाही. एक तर मध्यरात्री तिथं इतकी वर्दळ असते की सैतानालाच धक्के बसतील. दुसरं म्हणजे सैतान भेटलाच, तर आमचा माणूस आधी विचारणार, “पावणं, इकडं कुटं? दौंडला काम?”

आता नावाविषयी. जुने शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. मीही पहिल्या लावणीत मोठ्या हौसेनं गुंफलं होतं. बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. “तुमचं नाव मात्रेत बसंना गुरुजी.” वस्तादांनी तोडगा सुचवला, “नाव बदला.” मला ते लागलं. पण नंतर विचार केला. होनाजी, सगनभाऊ, परशराम, रामजोशी, ही नावं तालात कशी चपखल बसतात! पठ्ठे बापूराव तर मुळात रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ‘श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी’ म्हणेपर्यंत ढोलकीवाला विडी ओढून येईल. तिकडंही तेच. मडी वॉटर्स, म्हणजे गढूळ पाणी. आईबापांनी ठेवलेलं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मला दाट संशय आहे की या सगळ्यांनी आधी ताल पाहिला आणि मग बारसं केलं. माझं बारसं मात्र होऊन गेलेलं होतं, आणि शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, पेन्शनच्या कागदावर तेच नाव होतं. शेवटी मी नाव काढून टाकलं. तिथं बाई नुसतं ‘जी रं जी’ घोळवतात.

मागच्या शिमग्यानंतरची गोष्ट. रात्री बारी उशिरापर्यंत चालली. पहाटे मी चौफुल्यावर शिरूरकडं जाणारी एसटी पकडली. गाडी गच्च. बसायला जागा नाहीच, एका पायावर उभा होतो. गुऱ्हाळांचा गोडसर धूर खिडकीतून आत येत होता. पारगावला भीमेचा पूल ओलांडला तसा गार वारा लागला. समोरच्या बाकावर एक विशीतला पोरगा खिडकीला डोकं टेकून पेंगत होता. गळ्यात रांजणगावच्या कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर डबा, पहिल्या पाळीला निघालेला. झोपेतच काहीतरी गुणगुणत होता. मी जरा वाकलो.

चाल ओळखीची होती. शब्द एकही नव्हता. माझी उरलेली सात यमकं, तो श्लेष, नायिकेचा रुसवा, यांतलं त्याला काही आठवत नव्हतं, कदाचित कधी ऐकूही गेलं नव्हतं. तो फक्त शेवटचं वळण घोळवत होता. त्यातला मधला गंधार त्याच्या घशात बरोबर फटीत सापडला होता. त्याच ठिकाणी एकदा माझं नाव होतं.

एवढ्यात मागून कंडक्टर ओरडला, “ओ गुरुजी, पुढं सरका! मागच्यांना जागा सोडा.”

मी सरकलो.